जिज्ञासेचे जनकत्व

जून महिना उजाडला, शाळांची दारे उघडली आणि हजेरीपटावर मुलांची नावे चढली, की आपल्याकडे एक जुना वाद दरसाल नव्याने सुरू होतो. मुलाला अभ्यासाची गोडी नाही असे दिसले की पालक शाळेला बोल लावतात, आणि हे गाऱ्हाणे शाळेत पोचले की शिक्षक विचारतात, जे घरात रुजले नाही ते आम्ही कोठून आणावे? दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु विद्येची आवड ही एकाने दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाची वस्तू असून ती देण्याची जबाबदारी कोणाच्या खात्यावर मांडावी एवढाच काय तो निवाडा उरला आहे, असे जे दोघेही गृहीत धरून चालतात, ते मला मान्य करवत नाही. ज्ञान देता येते, निदान त्याची सामग्री तरी देता येते. ज्ञानाची इच्छा देता येते काय? आणि येत असेल, तर देणाऱ्याला तिच्यापायी काय सोडावे लागते? आपल्या परंपरेतील थोर विचारकांनी या प्रश्नाला बगल दिलेली नाही, आणि ज्या ग्रंथांना आपण धर्मग्रंथ म्हणून वंदन करतो त्यांत तो मोठ्या प्रामाणिकपणाने हाताळला गेला आहे, म्हणून तेथूनच आरंभ करणे मला इष्ट वाटते.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या श्वेतकेतू नावाच्या पुत्राला गुरुगृही पाठवतो तेव्हा मुलगा बारा वर्षांचा आहे. आपल्या कुळात अध्ययनावाचून केवळ जन्माने ब्राह्मण म्हणवून घेणारा कोणी झाला नाही, एवढेच कारण पिता देतो. बारा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, सर्व वेद शिकून मुलगा परततो तो ताठ मानेने, आपल्याला आता सर्व अवगत आहे अशा समजुतीने. आजच्या भाषेत बोलायचे तर शाळेने आपले काम चोख केले होते. पदरात दाखला होता, पाठांतर निर्दोष होते. अशा मुलाचे स्वागत करताना पित्याने काय काय शिकलास याची झडती घेतली असती तर ते स्वाभाविक होते. पण उद्दालक विचारतो ते निराळेच आहे. ज्याच्या योगाने न ऐकलेले ऐकले जाते, न जाणलेले जाणले जाते, ते तू आपल्या आचार्यांना कधी विचारलेस काय, असे तो म्हणतो. शिकण्याविषयी त्याला शंका नाही. मुलाने काही विचारले की नाही, ही त्याची चिंता आहे. श्वेतकेतूचे उत्तरही लक्षात ठेवण्यासारखे आहे: माझ्या पूज्य आचार्यांना ते ठाऊक नसावे, ठाऊक असते तर त्यांनी मला का सांगितले नसते? आणि लगेच तो पित्याला म्हणतो, मग आपणच सांगा.

पुढचा सारा अध्याय म्हणजे त्या ताठ मानेचे हळूहळू प्रश्नात झालेले रूपांतर आहे. पिता त्याला वडाचे फळ आणावयास लावतो, ते फोडावयास लावतो, आतले बी फोडावयास लावतो आणि विचारतो, काय दिसते? काहीच दिसत नाही, असे मुलगा सांगतो, तेव्हा त्या न दिसणाऱ्या अणुत्वातून हा एवढा वृक्ष उभा आहे याकडे त्याचे लक्ष वेधतो. मीठ पाण्यात टाकून रात्रभर ठेवण्यास सांगतो आणि सकाळी ते पाणी वरून, मधून आणि तळातून चाखावयास लावतो. पंधरा दिवस अन्नावाचून राहावयास सांगतो, आणि सोळाव्या दिवशी वेद म्हणावयास सांगितल्यावर, बारा वर्षे घोटलेल्या त्या ऋचा मुलाला आठवेनाशा झाल्या की, जेवून ये, मग कळेल, असे म्हणतो. जिभेने, उपासाने, हाताने फोडलेल्या बियांनी हे शिक्षण चालले आहे. आणि अनेक खंडांच्या शेवटी मुलगा म्हणतो, भगवन्, मला आणखी समजावून सांगा. या अध्यायातील महावाक्यावर आचार्यांनी भाष्यांचे डोंगर रचले, ते योग्यच झाले. पण मुलाच्या या पुनःपुन्हा येणाऱ्या विनवणीवर कोणी फारसे थांबले नाही, याची मला खंत वाटते. गुरुगृही बारा वर्षांत जे घडले नाही ते या विनवणीत घडले आहे.

एवढीच कथा असती तर पालकांची बाजू पडती ठरली असती आणि शाळेने जबाबदारीतून अंग काढून घेतले असते. पण उपनिषदे तेथे थांबत नाहीत. बृहदारण्यकाच्या सहाव्या अध्यायात हाच श्वेतकेतू पांचालांच्या सभेत प्रवाहण जैवलि या राजापुढे उभा आहे. माणसे मेल्यावर कोठे जातात, परत कशी येतात, परलोक भरून का जात नाही, अशा जातीचे पाच प्रश्न राजा विचारतो आणि एकाचेही उत्तर श्वेतकेतूला देता येत नाही. तो अपमानित होऊन घरी धावत येतो आणि, आपण तर मला पूर्ण शिकवले असे म्हणाला होता, असा पित्यालाच जाब विचारतो. पिता सांगतो की मला जे जे ठाऊक होते ते सर्व मी तुला दिले आहे. हे मलाही ठाऊक नाही. चल, आपण दोघेही तेथे जाऊ आणि ब्रह्मचारी होऊन राहू. वयाने, कीर्तीने, शिष्यसंपदेने संपन्न असा हा पुरुष पुत्राच्या शेजारी विद्यार्थी म्हणून बसावयास निघाला आहे! यावर पुत्र म्हणतो, आपणच जावे. आणि म्हातारा एकटा जातो. राजाने धन देऊ केले असता ते नाकारतो आणि मुलाला जे विचारलेत तेच मला सांगा, असा हट्ट धरतो.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि तो आपल्या शिक्षणविषयक वाङ्मयातील सर्वांत निर्भीड प्रसंग आहे असे माझे मत झाले आहे. उद्दालकाहून थोर पिता कल्पनेतही सापडणे कठीण. त्याने मुलाला शाळा दिली, शाळेची उणीव घरी भरून काढली, स्वतःचे अज्ञान कबूल केले, स्वतः शिष्यत्व पत्करले. आणि इतके होऊनही ऐन वेळी पुत्र आला नाही. उलटपक्षी कठोपनिषदात नचिकेत्याचा पिता दूध आटलेल्या, पाणी पिण्याचेही त्राण न उरलेल्या गाई दान देऊन पुण्य पदरात पाडू पाहतो आणि मुलाने प्रश्न केला की रागाने त्याला मृत्यूच्या स्वाधीन करतो. तरी त्याच घरात, तेच दान पाहता पाहता, त्या मुलामध्ये श्रद्धेने प्रवेश केला, असे उपनिषद सांगते. उत्तम पित्याच्या पोटी नकार आणि संकुचित पित्याच्या पोटी अशी तृषा की तिच्यापुढे यमानेही हार खावी! जिज्ञासेच्या वंशावळीचे दप्तर ज्याला नीट लावायचे असेल त्याने या दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवाव्यात.

मग शाळा आणि घर यांच्या हाती काहीच नाही काय? येथे वेदान्त्यांच्या एका जुन्या विवादाची आठवण होते. वेदाध्ययनाने, यज्ञाने, दानाने, तपाने साधक त्या आत्म्याला जाणू इच्छितात, अशा आशयाचे एक वचन बृहदारण्यकात आहे. या कर्मांचे फळ साक्षात ज्ञान की ज्ञानाची केवळ इच्छा, जिला शास्त्रात विविदिषा म्हणतात, यावर शंकराचार्यांच्या अनुयायांत दोन संप्रदाय पडले. भामतीकार वाचस्पती मिश्रांच्या मते कर्माची मजल विविदिषेपर्यंतच पोचते. विवरणकारांच्या मते ती पुढे ज्ञानापर्यंत जाते. या वादात निर्णय देण्याचा अधिकार माझा नाही. पण वाचस्पतींच्या पक्षातील एका गोष्टीने मला शाळेविषयी फार आशा वाटते, ती अशी की इच्छेच्या साधनांत त्या वचनाने अध्ययनाची गणना केली आहे. अगोदर आवड आणि मग अभ्यास, असा क्रम आपण सहज धरून चालतो आणि आवड नाही म्हणून अभ्यास होत नाही अशी तक्रार करतो. हे वचन मात्र अभ्यासाला पूर्वी ठेवते आणि इच्छेला त्याचे फळ म्हणते. नित्याचे पाठ, वेळेवर उठणे, अक्षर घोटणे, चुकलेले गणित पुन्हा मांडणे, हे जिज्ञासा नव्हे खरे, परंतु ही कर्मे चित्ताची मशागत करीत असतात, आणि शेतकऱ्याने नांगरलेल्या रानात पाऊस पडेल याची हमी नसली तरी पडलेला पाऊस मुरतो तो नांगरलेल्या रानातच. तेव्हा पाठांतराची नुसती निंदा करणाऱ्या आधुनिकांशी माझे पटत नाही, आणि पाठांतर झाले म्हणजे विद्या आली असे मानणाऱ्या सनातन्यांशी तर मुळीच नाही.

शाळेच्या बाजूने आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षराची बंदी होती, त्या घरांतील आईबापांनी मुलांत विद्येची आवड निर्माण करावी असे म्हणणे हा उपदेश नसून अन्याय आहे. 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळा उघडली आणि पुढे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी शाळा चालवल्या, त्यांतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील कोवळ्या वयाच्या विद्यार्थिनीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. वेद हे आमचेच, असे ब्राह्मण म्हणतात, आम्हांला ते पाहण्याचाही अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता ते, देवा, तूच आम्हांला कळव, असा तिचा प्रश्न आहे. तिचे शालेय शिक्षण थोड्याच वर्षांचे, आणि तेवढ्या अवधीत ती बालिका धर्माच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाला जाऊन भिडली! बारा वर्षांचे सांग वेदाध्ययन करून श्वेतकेतूने जे विचारले नव्हते त्या जातीचे हे विचारणे आहे. हे घरातून आलेले नव्हते, निदान घरातून आलेल्या दुःखाला प्रश्नाचे रूप शाळेत मिळाले, हे कोणीही मान्य करील. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला जे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्याने पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले, त्यात वारली मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत असे दिसून आल्यावर शाळाच कुरणात नेण्याची तजवीज त्यांनी केली आणि तिला कुरणशाळा हे नाव मिळाले. मुलांना हजेरीसाठी बोलावणारी शाळा मुलांकडे स्वतः रुजू झाली, एवढ्यावरून शाळेचे अंतःकरण कसे असू शकते हे कळते.

आता घराकडे वळतो, आणि येथे माझ्यासमोर आधुनिक काळातील दोन घरे उभी राहतात. पहिले सुभेदार रामजी सकपाळ यांचे. पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापकी केलेला हा कबीरपंथी गृहस्थ मुलांच्या विद्येसाठी किती झिजला, मुलाला हवे ते पुस्तक घेण्यासाठी लेकीचे दागिने कसे मागून आणी, हे सर्वश्रुत आहे. ज्या शाळेत त्यांचा भीमराव जाई तेथे त्याला निराळ्या कोपऱ्यात गोणपाटावर बसावे लागे, ते गोणपाटही घरून आणावे आणि घरी न्यावे लागे, आणि शिपायाने नळ सोडल्यावाचून तहान भागवता येत नसे. अशा शाळेने विद्येची आवड लावली असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. ती टिकली ती शाळा असूनही टिकली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी सांगितले आहे की वडील घरात रामायण-महाभारताचे वाचन करावयास लावीत, आणि हे आपण का वाचावयाचे असे मुलाने विचारले असता, द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्यासारखे सामान्य स्थितीतून वर आलेले पुरुष त्यांत आहेत, ते वाचून न्यूनगंड जाईल, असे उत्तर देत. मुलाचे त्याने समाधान झाले नाही. भीष्म-द्रोण आपल्याला ढोंगी वाटतात, कृष्ण आवडत नाही, रामाचे वालीशी आणि सीतेशी वर्तन पटत नाही, असे त्याने तोंडावर सांगितले. पिता गप्प राहिला. बंड उभे राहिले आहे हे त्याने ओळखले. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच मुलाच्या हाती ठेवले होते, आणि त्यातून निघालेली वाट 1956 साली नागपुरास कोठे पोचली, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे.

त्या पित्याच्या गप्प राहण्याला मी फार मोठे मोल देतो. भक्तिभावाने रोज वाचले जाणारे ग्रंथ आपल्याच मुलाने नाकारावेत, आणि बापाने हात उगारू नये, पुस्तके विकत घेण्याचे थांबवू नये, हे सोपे नाही. वाचावयास शिकवणारे आईबाप पुष्कळ असतात. वाचल्यावर मूल जेथे पोचेल तेथे पोचू देणारे फार थोडे, आणि विद्येची आवड कोठे उगवते व कोठे करपते याचा निकाल, माझ्या मते, बहुतांशी येथेच लागतो. आपण मुलांना विद्या हवी म्हणतो तेव्हा तिचे फळ आपल्या पसंतीचे असावे अशी अट मनातल्या मनात घातलेली असते. मूल शास्त्र शिकावे, पण ग्रहणाच्या दिवशी घरात जे चालते त्याविषयी बोलू नये. इतिहास शिकावे, पण आपल्या जातीच्या पूर्वजांविषयी विचारू नये. संस्कृत शिकावे ते स्तोत्रे म्हणण्यापुरते. मुलांना ही अट कोणी न सांगताही कळते. एखादे मूल गणपतीच्या प्राणप्रतिष्ठेच्या वेळी विचारते की मातीच्या मूर्तीत मंत्राने प्राण येतात, तर आजोबा गेले तेव्हा भटजींनी तो मंत्र का म्हटला नाही? या प्रश्नावर घरातील मोठी माणसे त्याला गप्प बसवतात, किंवा त्याच्या हजरजबाबीपणाचे कौतुक करून हसून घेतात. दोन्हींचा परिणाम एकच होतो. वास्तविक त्या मुलाने मूर्ती आणि देह, मंत्र आणि मृत्यू यांना एका वाक्यात आणले आहे, आणि नचिकेत्याने यमाला विचारले ते याहून फार दूरचे नव्हते. वडीलधाऱ्यांनी येथे एवढेच म्हणावे की हे मलाही ठाऊक नाही, भटजींना विचारू, पोथीत पाहू. आणि मग खरोखरच पाहावे, मुलाबरोबर बसून पाहावे. उद्दालकाने पुत्राला जे देऊ केले ते हेच होते. मूल सोबत येईल किंवा येणार नाही, तो त्याचा अधिकार आहे.

दुसरे घर अनंतशास्त्री डोंगरे यांचे. दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवले जाताना या तरुण विद्यार्थ्याने ऐकले, आणि स्त्रीलाही ही भाषा यावी हा ध्यास त्याने घेतला. पुढे आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी शिकवले तेव्हा जातभाईंचा रोष ओढवला, शास्त्राधारांनी आपला पक्ष सिद्ध करावा लागला आणि गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड न्यावे लागले. तेथे 1858 साली रमाबाई जन्मली. पिता वृद्ध झाला होता म्हणून तिला शिकवण्याचे काम मुख्यतः आईने केले. शाळेचे तोंड न पाहिलेली ही मुलगी आईबापांबरोबर तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडली, दुष्काळात आईबाप गमावून बसली, आणि 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला पंडिता ही पदवी दिली. येथपर्यंतची हकीकत आपण अभिमानाने सांगतो. तिने 1883 साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला, येथे मात्र पुष्कळांचा अभिमान संपतो. मला मात्र या दोन अर्धांत खंड दिसत नाही. ज्या विद्येच्या ओढीने ती लहानपणी आईच्या मुखातून भागवत उचलीत होती, त्याच ओढीने ती उतारवयात केडगावला मुक्तिसदनात बसून हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणले. 1922 साली मृत्यू येण्यापूर्वी ते काम तिने पुरे केले. विषय बदलला, देव बदलला म्हणा. शिकण्याची रीत तीच राहिली, पहाटे उठून शब्दाच्या मुळाशी जाण्याची. अनंतशास्त्री कट्टर वैष्णव होते. कन्येचे हे धर्मांतर त्यांच्या हयातीत घडते तर त्यांना केवढे दुःख झाले असते याची कल्पना करवत नाही, आणि त्या दुःखाला मी कमी लेखू इच्छीत नाही. पण आपल्या समाजाने घातलेली अट मोडून लक्ष्मीबाईला पहिला श्लोक सांगितला, त्या दिवशी, जाणता असो वा अजाणता, त्यांनी हाही धोका पत्करला होता, असे मी मानतो. आणि तो पत्करल्यावाचून ती रमाबाई घडली नसती, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.